एकाच पुस्तकाचे पाच वाचक

"पाच वाजता चौकीवर बोलावलंय," ती दारातूनच म्हणाली. "परत सोडतील असं वाटत नाही."

तराजूबाईंनी तिला आत घेतलं, खुर्ची पुढे केली आणि घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

बाईंनी तीस वर्षं प्रयोगशाळेत वजनं-मापं तपासली होती. निवृत्तीनंतर त्या लोकांच्या अडचणी तपासू लागल्या, पण गावाने ठेवलेलं नाव तेच राहिलं. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, बस डेपोतून निवृत्त होऊन त्यांच्या मदतीला आले होते. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

"ही चष्मेवाल्यांची सून," भाऊजी हळूच म्हणाले. "सासरे परवा गेले ना, गिझरमुळे."

"गिझरमुळे नाही," सून म्हणाली. "गॅस गिझरच्या धुराचा पाईप गच्चीवर निघतो. त्यात कुणीतरी ओलं फडकं कोंबलं होतं. सगळा विषारी वायू बाथरूममध्येच कोंडला. आणि फौजदार म्हणतात, ते कुणीतरी म्हणजे मीच."

"का?"

"मी पुस्तक वाचलं म्हणून."

पुस्तक वाचनालयातलं होतं. लहानशा गावातलं एक कुटुंब आणि घरातल्या म्हाताऱ्याचा खून. त्यात म्हणे असंच फडकं आणि असाच पाईप होता. ते पुस्तक सुनेच्या उशाशी सापडलं होतं.

"म्हणे?" बाईंनी विचारलं. "वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं. पण त्यात फडकं कुठे आलं, मला आठवतच नाही. फौजदारांना तसं सांगितलं तर हसले." तिने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. "नवरा जहाजावर आहे. लेक सहा वर्षांची. तिला नणंदेकडे ठेवून आलेय. मी परत गेले नाही, तर ती तिथेच राहणार."

चौकीवर फौजदारांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"सरळ प्रकरण आहे, तराजूबाई. ही कादंबरी मी वाचली होती, म्हणून खबर येताच थेट गच्ची गाठली. साडेदहाला फडकं बाहेर काढलं, तेव्हा ठिबकत होतं."

"गरम पाईपमधलं फडकं ठिबकत होतं, म्हणजे ते अंघोळीच्या जरासंच आधी कोंबलेलं. तेव्हा घरात कोण होतं?"

"सून आणि चष्मेवाल्यांची मुलगी. ती आणि जावई तिथेच राहतात. जावई सहाच्या पाळीला गेलेला, त्याची हजेरी आहे. मुलीने पुस्तक तीन आठवड्यांपूर्वीच परत केलंय. उरलं कोण?"

"तुम्ही हे पुन्हा उघडून पाहिलंत?"

"खुनी माहीत असताना रहस्यकथा पुन्हा कोण उघडतं, बाई?"

बाईंनी ती उघडली, तीही मागच्या बाजूने. वाचनालयाची एक पद्धत होती. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला असे आणि त्यावर दोन ओळी अभिप्राय लिहिल्याशिवाय ग्रंथपालबाई पुस्तक परतच घेत नसत. या कागदावर पाच अभिप्राय होते, तारीखवार. शेवटची तारीख खुनाच्या आदल्या दिवसाची होती.

ग्रंथपालबाई: "भाषा सुमार, युक्ती जबरदस्त. आठवडाभर गार पाण्याने अंघोळ केली."

फौजदार: "खुनी विसाव्या पानावर ओळखला. तपास खोटा. असा तपास कुणी करत नाही."

जावई: "गिझरचं प्रकरण पटलं नाही. बाकी एक नंबर."

मुलगी: "म्हातारा बाथरूममध्ये मेला कसा, हेच सांगितलेलं नाही. ही वाचकाची फसवणूक आहे."

सून: "म्हातारा चहा पिऊन गेला कुठे? घर सोडून गेला असेल, तर खून कुणाचा?"

भाऊजी खुदकन हसले. "व्यक्ती तितक्या प्रकृती, वहिनी."

"प्रकृती कितीही असू देत, भाऊजी. पुस्तक एकच असायला हवं."

त्यांनी पेन्सिल काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दीड तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत. भाऊजींनी तेवढ्यात दोनदा चहा प्यायला आणि फौजदारांना बसच्या वेळापत्रकांतल्या चुका समजावून सांगितल्या.

"हे पाहा," शेवटी बाई म्हणाल्या.

पान एकशे बेचाळीसनंतर एकदम एकशे सत्तेचाळीस येत होतं. पुढे दोनशे अकराचं पानही नव्हतं. पानं शिवणीलगत पात्याने कापली होती, सरळ आणि स्वच्छ. एकशे बेचाळीसवर म्हातारा चहा पीत होता. एकशे सत्तेचाळीसवर त्याचे कपडे वाटून टाकत होते.

फौजदारांचा चेहरा उतरला. "मी वाचलं तेव्हा पानं होती."

"होतीच. म्हणून तुम्ही थेट गच्चीवर गेलात."

चष्मेवाल्यांचं दुकान घराच्या खालच्या मजल्यावर होतं. भिंगं घासायचं यंत्र चालू होतं आणि त्यावर त्यांची मुलगी वाकली होती. घरात तिला सगळे ताई म्हणत. कोपऱ्यात स्टुलावर सुनेची लेक रिकाम्या फ्रेम्स डोळ्यांना लावून पाहत होती. ताईने यंत्र बंद केलं नाही.

"पुस्तक? वाचलं हो. बंडल होतं."

"पानं कापलेली होती का?"

"असतील. मी काय पानं मोजत बसते?"

"तुमच्या आधी यजमानांनी वाचलं. त्यांनी गोष्ट सांगितली असेल थोडीफार?"

जावई नुकताच पाळीवरून आला होता. तो दारातूनच बोलला. "हिला? नुसतं 'मस्त आहे' म्हटलं तरी दोन्ही कानांवर हात ठेवते. आमच्याकडे गोष्ट फोडणाऱ्याला चहा मिळत नाही."

"मग ते पुस्तक वडिलांनीही वाचलं असेल?"

"बाबा घरात आलेलं प्रत्येक पुस्तक वाचायचे," जावई म्हणाला. "पण याची पहिली काही पानं चाळली आणि हिला म्हणाले, आधी तू वाच, मग मला दे."

भिंतीला एक नवी पाटी टेकवून ठेवली होती, तोंड भिंतीकडे. बाईंनी ती फिरवली. चष्मेवाल्यांच्या नावाखाली सुनेचं नाव रंगवलेलं होतं.

"कधीची?"

"बाबांनी गेल्या महिन्यात सांगितली रंगवायला," ताई म्हणाली. यंत्र अजून चालूच होतं. "तिला चार वर्षं झाली या दुकानात बसायला लागून."

"आणि तुम्हाला?"

"अठरा."

पाच वाजता चौकीत सगळे जमले. सुनेच्या लेकीला शेजारणीकडे सोडायला बाईंनीच सांगितलं होतं.

"या कागदावर मतभेद दिसतात," बाई म्हणाल्या. "पण ते आवडीनिवडीचे नाहीत. यातल्या लोकांनी दोन वेगळी पुस्तकं वाचली आहेत. पहिल्या तिघांना गिझर ठाऊक आहे. त्यांचं पुस्तक अख्खं होतं. सूनबाईंना म्हातारा मेलाय हेही कळलं नाही. त्यांचं पुस्तक कापलेलं होतं. हे फडकं त्यांना पुस्तकातून सुचणं शक्य नाही."

"नाटकही असेल," फौजदार म्हणाले. "आधी वाचलं, मग कापलं आणि भोळा अभिप्राय लिहिला."

"मानू या. तसं असेल, तर ताईंनी वाचलं तेव्हा पुस्तक अख्खं होतं. म्हातारा कसा मेला हे त्यात चार पानं भरून लिहिलंय. मग सांगितलेलं नाही, असं त्या का लिहितील?"

बाईंनी पुस्तक ताईपुढे सरकवलं.

"आता उलट बघू. त्यांच्या हाती कापलेलं पुस्तक आलं. मग त्यांना कसा मेला हे कळणार नाही, कबूल. पण बाथरूममध्ये मेला, हे कुठून कळलं? उरलेल्या पुस्तकात बाथरूम हा शब्द एकदाही नाही. प्रत्येक ओळीखाली पेन्सिल फिरवून पाहिलंय मी."

भाऊजींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि एकदम मान वर केली. "म्हणजे ते वाक्य दोन्ही पुस्तकांत खोटंच!"

"हो. अख्खं पुस्तक वाचून, पानं कापून, मग काही न वाचल्याचं सोंग करणाऱ्यालाच ते सुचेल. सोंगात एक शब्द जास्त पडला. पुढचा वाचक चष्मेवाले होते. त्यांनी ती पानं वाचली असती, तर गिझर पेटवताना दहादा विचार केला असता. पुस्तक हरवलं म्हणावं, तर चौकशी होणार. परत द्यावं, तर अभिप्राय लिहावाच लागणार."

"ह्यांनी सांगितलं असेल मला," ताई घाईने म्हणाली. "बाथरूमचं. जेवताना."

जावयाने तिच्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलायचं होतं, हे सगळ्यांना दिसलं.

"नाही गं," तो म्हणाला. "तू ऐकलंच नसतंस."

ताईने हात मांडीवर ठेवले. बोटांच्या पेरांत भिंगं घासायची पांढरी पूड रुतून बसली होती.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "एकदा विचारलंसुद्धा नाही त्यांनी."

सून उठून तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, मला का अडकवलंत?"

"तुला नव्हतं अडकवायचं. गिझर जुना होता. सगळे तसंच म्हणाले असते. मी फडकं काढायला वर गेले, तर फौजदार आधीच गच्चीवर."

"आणि मग? परवापासून फौजदार मला बोलावतायत. माझी लेक तुमच्या मांडीवर बसून विचारत होती, आई कधी येणार. तेव्हा तरी बोलायचंत."

ताईने पेरांतली पूड नखाने कोरली.

"तेव्हा," ती म्हणाली, "मला बरं वाटलं."