तिसऱ्या पायरीचा भाग

अमेरिकेतल्या टोलेडो शहराची एक अख्खी पिढी ऑरिन स्टॅडलरला घाबरत मोठी झाली होती आणि ऑरिनला त्याचा भारी अभिमान होता. एरवी तो टीव्हीवर हवामान सांगायचा, बऱ्याचदा चुकीचं. पण दर हॅलोविनला, भुताखेतांच्या सणाला, दुपारी तीन वाजता डोक्यावर ओढायच्या टोपीचा काळा झगा चढवून तो 'तळघरातले काका' व्हायचा. खोटं तळघर, त्यात उतरणारा लाकडी जिना, समोर बाकांवर तीसेक पोरं आणि मधोमध एक कोरलेला भोपळा. शेवटी काका मोगरीने भोपळ्यावर घाव घालायचे, पोरं ओरडून मोजायची आणि सातव्या घावाला भोपळा फुटून आतला खाऊ बाहेर पडायचा. मग पिशव्या पसरून पोरांची झुंबड.

ऑरिनची बायको थेल्मा जिन्यामागे उभी राहून चेटकिणीचं हसायची. झगा तिनेच शिवलेला. मुलंबाळं नव्हती, दोघांचा संसार म्हणजे ती दुपार, असं म्हटलं तरी चालेल.

१९८२ साली कार्यक्रमाचं विसावं वर्ष होतं. निर्माता गस याने जाहीर केलं, "तुमचा सगळ्यात आवडता भाग कार्डावर लिहून पाठवा. जिंकेल तो पुन्हा दाखवू." दाखवणार कुठून? टीव्ही स्टेशनवर टेपा पुसून पुन्हा वापरायची रीत. एकोणीसही भाग बोलिंगच्या सामन्यांखाली गेले होते. म्हणून जिंकलेला भाग ऑरिनने रविवारी, हॅलोविनच्या दिवशी, नव्याने करायचा, असं ठरलं.

सोमवारी गसने कार्डांचं खोकं ऑरिनपुढे आदळलं. "अर्ध्याहून जास्त एकाच भागाला. कुठला रे हा?"

ऑरिनने वाचली. कुणी गिरणीकामगार, कुणी नर्स, कुणी ॲरिझोनाला राहायला गेलेली बाई. अक्षरं वेगळी, मजकूर एकच. तो भाग, ज्यात झगेवाल्याला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मोगरीने मारतात. सात घाव. पायातला एक बूट उडतो, एक दात भोपळ्यात पडतो. 'आम्ही किती हसलो होतो!' एकीने लिहिलं होतं.

"असा भाग मी केलेला नाही," ऑरिन म्हणाला.

"लोक कुठल्यातरी सिनेमात तुझं थोबाड घुसवतात. मी म्हणतो, करून टाक. चार बाटल्या टोमॅटो सॉस, झालं काम."

"पोरांसमोर? डोकं फिरलंय का तुझं?"

ऑरिनने नेहमीचाच खेळ करायचं ठरवलं. पण ती कार्डं त्याच्या डोक्यातून जाईनात. झगेवाला म्हणजे तोच. मंगळवारी सुताराला सांगून त्याने जिन्याला हिरवा रंग देऊन घेतला, उगाच, आपला जिना त्या जिन्यासारखा दिसू नये म्हणून.

बुधवारी आलेल्या एका कार्डावर होतं, 'हिरव्या जिन्याचा तो भाग.' टपालाचा शिक्का शनिवारचा होता.

ऑरिनने शिक्का पुन्हा वाचला; जिना तर मंगळवारी रंगला होता. त्याने खरी मोगरी गाडीच्या डिकीत टाकली आणि थेल्माकडून स्पंजची शिवून घेतली.

"या फुग्याने भोपळा फुटायचा नाही, तुझी अब्रू फुटेल," थेल्मा म्हणाली.

"भोपळा मी आधीच चिरून ठेवीन."

"वीस वर्षांत पहिल्यांदा पोरांना फसवणार? म्हातारा झालास रे, काका!"

तो हसला नाही. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

शुक्रवारचं कार्ड एका शाळामास्तरांचं होतं. 'आधी स्पंजची मोगरी येते तेव्हा आम्हाला वाटतं, गंमत आहे. मग खरी येते.' शिक्का पुन्हा शनिवारचाच.

आता ऑरिन सरळ घाबरला. खेळ रद्द कर म्हणून गसच्या हातापाया पडला. गसने जाहिराती कुणाकुणाच्या आहेत ते ऐकवलं. मग ऑरिनने एकच गोष्ट मनाशी पक्की केली. झगा अंगावर नसेल, तर झगेवाला मरणार कसा? रविवारी सकाळी त्याने झगा घरच्या कपाटात कोंबला आणि साध्या स्वेटरवर स्टेशन गाठलं. थेल्मा मागून बसने येणार होती. तिला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. भित्रा म्हणून ती आयुष्यभर चिडवेल, एवढंच त्याला वाटलं होतं.

तीन वाजता दिवे लागले. पोरं बाकांवर बसली, कुणी भूत, कुणी समुद्री चाचा, कुणी चादरीला दोन भोकं. स्टुडिओत नव्या रंगाचा आणि चिरलेल्या भोपळ्याचा वास दाटला होता. स्वेटरातले काका पाहून पोरं जरा हिरमुसली. ऑरिनने गोष्टी सांगितल्या, भुतांचे आवाज काढले. चेटकिणीच्या हसण्याची वेळ आली. जिन्यामागून हसू आलं नाही.

थेल्मा अजून पोचली नाही की काय?

त्याने स्पंजची मोगरी उचलली. पोरं ओरडली, "एक!" मोगरी भोपळ्यावरून मऊसर उडाली. पोरं खदाखदा हसली.

मग हसणं थांबलं. सगळी पोरं त्याच्या मागे बघत होती.

मागे पायरी करकरली.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

ऑरिन वळला. तिसऱ्या पायरीवर काळा झगा उभा होता. टोपी नाकापर्यंत ओढलेली. हातात डिकीतली खरी मोगरी, डोक्यावर उगारलेली.

झगा काहीतरी बोलला. त्याच वेळी पोरं पुन्हा ओरडली, नव्याने, "एक!"

ऑरिनने मोगरी हिसकावली आणि मारली.

"दोन!"

झगा पायरीवर बसला. एक हात वर आला.

"तीन!"

बूट उडाला. तपकिरी, बकलाचा. त्याचं बकल ऑरिनने परवाच स्वयंपाकघरात बसून शिवून दिलं होतं.

"चार!"

चारला त्याला कळलं. झगा कपाटात सापडल्यावर तिला वाटलं असणार, विसरला वेंधळा. गाडीची दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची. पोरांना फसवू नये म्हणून ती खरी मोगरी घेऊन आली होती.

कळलं, पण हात थांबेना. तो किंचाळत होता, "नको, नको," आणि हात वर जात होता.

"पाच!"

"सहा!"

भोपळ्यात काहीतरी लहान, टणक टपकलं.

"सात!"

हात थांबला.

ऑरिन पायरीवर कोसळला, तिचं डोकं मांडीवर घेऊन. ते डोक्यासारखं लागत नव्हतं. काचेपलीकडे गस फोनवर ओरडत होता. कॅमेरावाला भिंतीला टेकून ओकत होता. पोरांपैकी एकही रडलं नाही.

ती बाकांवरून उठली, रांग धरून पुढे आली आणि पिशव्या उघडून उभी राहिली.

चादरीतल्या मुलीने वाकून हिरव्या पायरीकडे नीट पाहिलं, मग ऑरिनकडे.

"हाच तो भाग," ती शेजारणीला म्हणाली. "आता काका आपल्याला दात देतात."

ऑरिनचा हात भोपळ्यात गेला.