बाराव्या माणसाचं रीडिंग

"अहो... तुम्हाला दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं ना?"

कॉरिडॉरमधून लगबगीने चाललेला तो थबकला. काखेत कागदाची गुंडाळी, खिशातून डोकावणारी मोजपट्टी.

"आई म्हणते, ऐकू येतं, पण पोचत नाही."

"चालेल. आत या."

अशी आमची भेट झाली. मी आवाज तपासणारी. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत माझी एक छोटीशी खोली आहे. भिंतींना जाड स्पंज, दार भलतंच जड. आत शिरलं की बाहेरचं जग पुसलं जातं आणि आपल्याच छातीतली धडधड ऐकू येते. डोळे मिटून देवाचं नाव घ्यावं अशी शांतता! त्या दिवशी मला चाचणीसाठी बारा माणसं हवी होती. अकरा झाली होती आणि बारावा सर्दी होऊन घरी बसला होता.

"करायचं काय?" त्याने खुर्चीत बसत विचारलं.

"समोर काचेच्या वर दिवा लुकलुकेल. लुकलुकला की हे बटण दाबायचं. दाबलं की हेडफोनमध्ये टक् असा आवाज येईल. एकदा वायरने, एकदा बिनवायरने."

"आणि?"

"बिनवायरचा आवाज जरासा मागून येतो. पापणी लवेल एवढाच उशीर... पण बोटं त्याची वाट बघायला लागतात आणि ताल ढळतो. बारापैकी दहा जणांचा ढळला, तर नव्या लॅपटॉपला हेडफोनचा जॅक राहणार. नाहीतर जाणार."

तो मोठ्याने हसला. "म्हणजे त्या भोकाच्या जिवावर उठलेला माणूसच तुम्ही पकडून आणलात! नव्या लॅपटॉपच्या बॉडीचं डिझाइन मीच काढलंय. कडेला एक भोक नाही. दोन वर्षं लागली."

मी कपाळाला हात लावला. माझ्या विभागातला माणूस चालत नाही, एवढंच नियमात होतं. बॉडीवाल्यांबद्दल नियम गप्प होता.

"काय वाकडं केलंय हो त्या जॅकने तुमचं?"

"आईच्या लॅपटॉपमध्ये तिथूनच चहा शिरला." त्याचा आवाज एकदम खाली आला. "फोटो गेले सगळे. बाबांचे तर तेवढेच होते."

मग मी हळूच म्हटलं, "माझी ताई पियानो शिकवते. लॅपटॉपला जोडून वाजवायचा असतो ना, तो. बिनवायरचं लावलं की बोट आधी, सूर मागून. भांडी घासताना, चालताना वायर मलाही नको. पण ऐकता ऐकता ज्यांचे हात चालतात, त्यांनी काय करायचं?"

"हं..." तो म्हणाला. हेडफोन चढवला आणि शहाण्या मुलासारखा बसला. मी दार लावून काचेपलीकडे माझ्या जागेवर गेले.

संध्याकाळी मी सगळी रीडिंग लावून बघितली. अकरापैकी नऊ जणांचा ताल ढळला होता. याच्या वायरच्या आणि बिनवायरच्या रेघा मात्र एकीवर एक. तसूभर फरक नाही.

नऊच. जॅक गेला.

रीडिंग रद्द करता येतं, पण फॉर्मवर कारण लिहावं लागतं. आणि 'मनासारखं आलं नाही' हे काही कारण नव्हे. मी रिपोर्ट तयार केला. सही तेवढी राहिली... हात काही केल्या उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर.

"अभिनंदन," मी म्हटलं. "जिंकलात. तेही स्वतःच्याच रीडिंगवर."

त्याने कागद हातात घेतला. बघत राहिला. आधी कान लाल झाले, मग गाल.

"हे खरं नाहीये."

"मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन नाही हो. मी." त्याने कागद खाली ठेवला. "मी दिव्याकडे बघतच नव्हतो. दिवा काचेच्या वर आणि तुम्ही काचेमागे... तुम्ही दिव्याच्या तालावर मान डोलवता, माहितीये तुम्हाला? तुमची मान हलली की मी बटण दाबत होतो. टक् वाजलं, नाही वाजलं... देवाशप्पथ, लक्षच नव्हतं."

माझी मान जागच्या जागी ताठ झाली.

"हे सांगितलंत तर तुमची दोन वर्षं—"

"कळतंय मला. पण गप्प बसलो तर तुम्ही माझ्या खोट्यावर सही कराल. मग तुमच्याशी पुन्हा बोलू कुठल्या तोंडाने?"

त्याने फॉर्म ओढला आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'परीक्षार्थी दिव्याऐवजी चाचणी घेणाऱ्या बाईंकडे पाहत होता.'

"बाई? इतकी पोक्त दिसते मी?"

"साहेब वाचणार ना! तिथे काय लिहू... सुंदर?"

"नको, नको! बाईच बरं."

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि शेरा मारला: 'कारण मान्य. परीक्षार्थीस पाठमोरे बसवून चाचणी पुन्हा घ्यावी.' दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला तो शेरा पाठ झाला होता.

दिवा काचेसमोरच्या भिंतीवर हलवला. तो माझ्याकडे पाठ करून बसला. कॉलर एका बाजूने उलटी झाली होती. नीट करावीशी वाटली... केली नाही. वायरवर रेघ सरळ आली. मग बिनवायरची सुरू झाली. आठवा ठोका, नववा... चालता चालता एखादं लेकरू मागे राहावं, तशी रेघ हळूहळू मागे पडली.

"ढळला," मी माइकवर म्हटलं. "दहा झाले." जिंकल्यासारखं का वाटत नव्हतं, देव जाणे.

"चला, ताईंना कळवा." तो वळला नाही. "मी कड पुन्हा काढतो. जॅकला आतून रबराची वाटी बसवली तर चहा शिरणार नाही बहुतेक. भोक बुजवायच्या नादात हे सुचलंच नाही बघा."

त्याने चाचपत आपली कॉलर सरळ केली.

"एक विचारू? पाठमोरा आहे तोवरच जमेल."

"विचारा."

"चाचणी संपली... आता तुमच्याकडे बघितलं तर चालेल?"

माइकचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. उत्तर त्याच क्षणी पोचलं असतं. पण मी हेडफोन काढून ठेवला, उठले, दार ढकलून आत गेले आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याची नजर अजून आपल्या बुटांवरच.

"बघ ना," मी म्हटलं, "पण सावकाश. आता कुणी मोजत नाहीये."