पाती मिटेपर्यंत

कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब कुजून मोडला, तेव्हा मी माझ्या धनेशला दुसरा आणून दे म्हणून सांगितलं. लाकडी सांगितला होता. पण या घरात माझं कुणी ऐकलंय कधी? आमच्या पूर्णा गावात भाताच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत, एक आमच्याही जमिनीवर आहे. त्यातला भंगारवाला भाडेकरू गाशा गुंडाळून गेला आणि जाताना कोपऱ्यात एक लोखंडी धूड टाकून गेला. धनेशने तेच उचलून आणलं आणि मागच्या अंगणात सिमेंट घालून उभं केलं. फुकटचं मिळालं की या पोराला सोनं सापडल्यासारखं होतं.

धूड माझ्या खांद्याएवढं. रंग हिरवा, जागोजागी खरवडलेला. वरच्या टोकाला चार लांब पाती, मिटलेल्या छत्रीसारखी अंगाला चिकटलेली. दोरी बांधायला बरं होतं, खोटं कशाला बोलू.

माझे दीर रघू भावजी विमानदलात होते. विमान कधी उडवलं नाही, विमानाच्या पोटाला बॉम्ब अडकवायचं काम; पण मिशीला पीळ असा की जसं काय आभाळ यांनीच जिंकलं. ते चहाला आले, खांब बघितला आणि बशी खाली ठेवली.

"वैनी, ह्ये बॉम्बचं शेपूट हाय."

"मंग बॉम्ब कुठं हाय?"

"शेपटात दारू नसते. घाबरू नका." आणि लागले शिकवायला. "विमान झाडांच्या शेंड्यांवरून जात असलं ना, की टाकलेला बॉम्ब त्याच्यासंगंच पुढं पळतो, त्याच्या पोटाखालीच फुटतो. म्हणून ही पाती. बॉम्ब सुटला की खटकन उघडतात, वारा धरतात. बॉम्ब मागं रेंगाळतो, तवर विमान लांब."

"म्हंजे काळजी टाकणाऱ्याची. ज्याच्या डोक्यावर पडायचं त्याचं काय?"

"त्याला जरा उशीर," भावजी म्हणाले आणि एकटेच हसले.

मी त्याच दिवशी धनेशला म्हटलं, उपट ते. तो म्हणाला, "आये, बाहेर काढलं तर धा जण इचारतील कुठून आणलं. गोदामाला सील लागंल. राहू दे दोरीला."

राहिलं.

एका दुपारी मी मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. खट्ट आवाज झाला. बघते तर चारही पाती ताठ उघडलेली. ओले कपडे हलले. वर बघितलं, तर माडाचा नारळ सुटला होता. नारळ पडताना मी जन्मभर बघत आलेय. दिसेपर्यंत कौल फुटलेलं असतं. हा सावरीच्या कापसासारखा येत होता. मी सूप उचललं, पदर सावरला, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, तरी तो हवेतच. जमिनीला लागला मात्र अख्ख्या वजनानं. मातीत खड्डा पडला. आणि पाती मिटली, ट्रंकेची कडी बसावी तशी.

सून मेघाली म्हणाली, "आई, ऊन लागलं असेल तुम्हाला."

"उन्हात उभा जन्म भातकापणी केली गो मी. ऊन मला लागत न्हाय, मी उन्हाला लागते."

मी खुळी नाही. पारखून बघितलं. गच्चीवरून तांब्या टाकला, मग वाटणाचा दगड टाकला. धप्पकन खाली. पाती हलली नाहीत. पण दोन दिवसांनी कठड्यावरची कोरफडीची कुंडी सुटली, वारा नाही, मांजर नाही, तेव्हा पाती उघडली. कुंडी इतकी सावकाश आली की तिच्यावर चढणाऱ्या मुंग्या मला दिसल्या. खाली लागली, फुटली, पाती मिटली.

म्हणजे आपण टाकलेल्याला ती उघडत नव्हती.

"मंग गच्चीवर दुसरं कोण हाय, आये?" धनेश हसला.

"त्येच तर मी इचारते तुला! उपट तो खांब!"

"रविवारी काढतो."

त्याचा रविवार कधी उगवतो ते सूर्याला माहीत. मीच पहार घेतली. पहारेला धार राहिली नाही, सिमेंटचा टवका निघाला नाही. आणि शेजारीपाजारी हसले ते वेगळंच.

परवा चार वाजता मी वाळलेले कपडे काढत होते. मेघाली वर गच्चीत मिरच्या पसरत होती. धनेशची चार वर्षांची भाविका तिच्याजवळ.

खट्ट.

मी पात्यांकडे बघितलं नाही. वर बघितलं.

भाविका हवेत होती.

पाठीवर, हातपाय पसरून. फ्रॉक वर उडालेला, केस उभे. रडत नव्हती. गच्चीचा कठडा तिच्या डोक्याहून उंच आहे.

मी कपडे टाकले. धावले नाही. धावायची गरजच नव्हती. हात पुढे करून उभी राहिले आणि ती हातात आली.

"कुणी टाकलं गो बाय तुला?"

तिने गच्चीच्या वर, माडाच्याही वर, रिकाम्या आभाळात बघितलं.

"गेला," म्हणाली.

घरात रडारड झाली, देवाला नारळ फुटला. आता कुठं धनेशला जाग आली. म्हणाला, "आये, आत्ता कापून काढतो तो खांब."

"हात लावलास तर हात मोडीन."

कारण पाती अजून उघडी आहेत.

नारळ जमिनीला लागला तेव्हा मिटली. कुंडी लागली तेव्हा मिटली. माझ्या पोरीचा पाय अजून जमिनीला लागलेला नाही.

परवापासून ती माझ्या कडेवर आहे. जेवते कडेवर, झोपते मांडीवर. सगळे माझ्यावर करवादतात. "आई, माझी पोर खाली ठेवा," मेघाली रडते. पलंगावर तरी ठेव, धनेश म्हणतो. पलंगाचे पाय कुठं असतात, हे या शिकलेल्यांना मी सांगायचं?

रघू भावजी आले. "वैनी, किती दिवस आसं?"

"तुमी सांगा. तुमी अडकवायचात ना?"

त्यांनी अंगणात पात्यांकडे बघितलं. मिशीला हात लावला नाही.

लोकांना वाटतं, म्हातारीचे हात भरून येतील, मग ठेवेल. हात भरून येत नाहीत, तेच तर वाईट आहे. नारळाचं वजन जमिनीला लागल्यावर आलं होतं. हिचं अजून यायचंय.

आज सकाळी मेघालीने माझ्या कडेवरच तिला तेल लावलं, दोन घट्ट वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. आत्ता कशाला, म्हणणार होते, पण बोलून कोण ऐकतं?

दोरीवरचे कपडे निपचित लोंबत होते. पानसुद्धा हलत नव्हतं. भाविका माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली, आणि मेघाली कंगवा हातात धरून बघत राहिली. दोन्ही वेण्या हळूहळू उचलल्या, सरळ वर उभ्या राहिल्या, आणि टोकाच्या रिबिनी फडफडायला लागल्या.