तुटक्या कानाचा पाहुणा

मॅग्दालेना नदीच्या काठी, पुएर्तो सेइबा गावात नुबिया राहायची. गावच्या रेडिओसाठी ती दर रविवारी एक गोष्ट लिहायची आणि स्वतःच वाचायची. गोष्टीत रोजचंच गाव असे. मासे खारवणाऱ्या बाया, दुपारची झोप, शेजाऱ्यांची भांडणं. त्यातच एखादी कोंबडी मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात बोले, आणि ऐकणाऱ्यांना त्यात वावगं काही वाटत नसे.

एका रविवारी तिनं लिहिलं, की नदीत बुडालेला एक तरुण रोज दुपारी एका म्हातारीकडे येतो, खुर्ची ओढून बसतो, काळी कॉफी पितो आणि जातो. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे शेजारची एर्मेलिंदामावशी होती. मावशीच्या मुलाला, एवारिस्तोला, बंदूकवाल्यांनी उचलून नेलं होतं, आणि नेलेली माणसं शेवटी नदीतच जात. मावशीच्या जिवाला जरा थंडावा मिळावा, एवढाच नुबियाचा हेतू.

थोड्याच दिवसांत मावशीनं तिला बोलावून घेतलं. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टेबलाशी एक खुर्ची मागे सरकलेली, तिच्याखाली पाण्याचं थारोळं, आणि घरभर गाळाचा वास. तो आत्ताच गेला, असं मावशी म्हणाली. हिनंच पाणी सांडलं असेल, असं मनाशी म्हणत नुबिया तिची समजूत घालू लागली. मावशीनं तिचा हात धरला.

"तो माझा एवारिस्तो नाही गं पोरी," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दिवशीच कळलं. याचा डावा कान अर्धा तुटलाय... पण भुकेला असतो. नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी नुबिया स्वतः तिथं बसली. दिसलं कुणीच नाही. पण खुर्ची करकरली, आणि कपातली कॉफी घोटाघोटानं उतरत गेली. कुणाच्या पोराला आपण हाक मारली, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. भीतीनं तिनं पुढच्या रविवारी लिहून टाकलं, की तो तरुण नदीबरोबर समुद्राला गेला. त्यानंतर मावशीकडची खुर्ची हलली नाही.

मग नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावाहून लाँचनं एक बाई आली. तुलिया तिचं नाव. बुडालेल्या पोराची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. ती नुबियाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझा पोरगा हरवलाय. लहानपणी कुत्र्यानं त्याचा कान तोडला होता... डावा."

नुबियानं तिला आत घेतलं आणि आपणच त्याला समुद्राला धाडलं, हे सांगून टाकलं. तिनं परत गोष्ट लिहिली. तो समुद्रावरून मागे फिरला, असं तिनं रेडिओवर वाचलं. तिघी बायका दुपारमागून दुपार मावशीच्या टेबलाशी बसल्या. कॉफी निवून जायची. तुलियानं एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच नुबियाला सोसवेना.

शेवटी तुलिया निघाली. दोघी तिला धक्क्यावर पोचवायला गेल्या. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. नावाड्यानं तिला हात देऊन लाँचमध्ये घेतलं, मग तिच्या मागे पुन्हा हात पुढे केला. "जपून रे," तो सवयीनं म्हणाला. लाँच एका अंगाला कलली. तुलियाच्या शेजारच्या फळीवर ओल पसरत गेली.

नुबियाचा जीव भांड्यात पडला. आला एकदाचा. हे सांगायला ती मावशीकडे वळली, तर मावशी टक लावून लाँचकडे पाहत होती.

"कान..." ती पुटपुटली. "दोन्ही कान धड आहेत त्याचे."

मग ती कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि एवारिस्तोला हाका मारू लागली. इंजिनाच्या आवाजात हाका विरून गेल्या. तिला कमरेशी घट्ट धरून ठेवण्यापलीकडे नुबियाच्या हातात काही नव्हतं.

लाँच वळणाशी पोचली. तेव्हा तुलियानं मान वळवली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हसून काहीतरी बोलू लागली.