चाच्यांचं बोरन्हाण

"आई, बोट नको. पाण्यात भिजलं की सगळे शिंकतात," जुईने दुधाची मिशी पुसत निकाल दिला.

केतकीने मोठ्या हौसेने गच्चीसाठी फुगवायच्या बोटीची चौकशी केली होती. भोवती गुडघाभर पाणी, वर कवटीचं निशाण. जुईला वाढदिवस समुद्री चाच्यांचा हवा होता, त्याला आणखी काय लागतं? नाशिकची जानेवारीतली थंडी मात्र तिने जमेस धरलीच नव्हती. आठ महिने हिमनगांच्या शेजारी काढून आलेल्या बाईला इथला गारठा गारठा वाटतच नव्हता.

"शिंकतात हे कुणी सांगितलं तुला?"

"सावलीने."

"मी एवढंच म्हटलं, की गच्चीवर वारा फार असतो," फळीवरून आवाज आला. तिथे डाळीच्या डब्याशेजारी बशीएवढी पांढरी चकती होती. आवाज केतकीचाच होता, फक्त जरा जास्त शांत.

या सावलीचं कागदोपत्री नाव ध्वनिछाया. समुद्रावर, सीमेवर किंवा परदेशी जाणारी माणसं हल्ली ती मागे ठेवून जात. दक्षिण महासागरातल्या मोहिमेवर निघण्याआधी केतकी महिनाभर रोज त्या चकतीसमोर बसून बोलली होती. गोष्टी, अंगाई, रागावणं, स्वतःच्या लहानपणच्या खोड्या, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. चकतीने त्यातून तिचा आवाज उचललाच, पण जुई रडली तर ही बाई आधी काय म्हणेल आणि मग काय म्हणेल, तेही उचललं. जहाजावरून फोन क्वचित लागायचा. त्या आठ महिन्यांत जुईची समजूत घातली ती या सावलीने. केतकीला त्याचं केवढं समाधान वाटलं होतं. परत येईपर्यंत.

आता घरी येऊन महिना झाला होता आणि तिच्या अंगाचा रोज नव्याने तिळपापड होत होता. गोष्ट सावलीकडूनच हवी. वेणी आईने घातली तरी गप्पा फळीकडे तोंड करून. आणि सावली कधी चिडायची नाही, हेच केतकीला सगळ्यात जास्त झोंबायचं. जावेचा, मैत्रिणीचा, शेजारणीचा हेवा करावा, तो रीतीला धरून आहे. स्वतःच्याच आवाजाचा हेवा करणारी ती बहुधा तिच्या घराण्यातली पहिलीच बाई असावी.

हा वाढदिवस आपण असा करायचा की जुईने त्या चकतीकडे ढुंकूनही बघू नये, असं तिने मनाशी ठरवलं होतं. त्याला कारणही होतं. गेल्याच आठवड्यात संस्थेतून फोन आला होता. उन्हाळ्यात दुसरी मोहीम निघत होती. केतकी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच हो म्हणून बसली होती आणि ते तिने नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं. जायच्या आधी मुलगी पुन्हा आपली व्हायला हवी होती.

"बरं, बोट नको," ती म्हणाली. "मग खजिना तरी मी लपवते."

"खजिना ठरलाय," जुई म्हणाली. "ते आमचं गुपित आहे. चाचे सांगत नसतात."

जुई शाळेत गेल्यावर केतकी चहाचा कप घेऊन फळीसमोर उभी राहिली.

"कसला खजिना आहे?"

"ते मला सांगता येणार नाही, केतकी."

"मी तिची आई आहे."

"हो. आणि मुलीचं गुपित तिला विचारल्याशिवाय कुणालाही सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही, असं तूच मला बजावलंस. दोनदा."

केतकीला आठवलं. आपल्या तत्त्वांचं तिला तेव्हा भारी कौतुक वाटलं होतं. आता तिने निवलेला चहा मोरीत ओतून दिला.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा निनाद दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आला. केतकीने एक उघडली तर आत बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. दुसरीत कापसात गुंडाळलेला खोका होता आणि खोक्यात हलव्याचे दागिने होते: मुकुट, हार, बाजूबंद.

बोरन्हाण! केतकीने तो मुकुट हातात घेतला. संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमी व्हायची होती. जुईला पाचवं लागत होतं, त्यांच्याकडे बोरन्हाण पाचव्यापर्यंतच करायचे, म्हणजे हे शेवटचं. आणि ती सख्खी आई असून विसरली होती. काळे कपडे, दागिने, डोक्यावरून ओतलेला खाऊ आणि पोरांनी केलेली लूट. चाच्यांना याहून काय हवं?

"तुला माहीत होतं?" तिने निनादला विचारलं.

"मला फक्त सामान सांगितलं. मी हमाल आहे," तो म्हणाला आणि सटकला.

केतकी तरातरा फळीपाशी गेली. "हे तुला कसं सुचलं?"

"सुचलं नाही. तूच सांगितलं होतंस. तुझ्या बोरन्हाणात तू पाटावरून उडी मारून स्वतःच लूट केलीस, दात पडला, आणि रक्ताळलेल्या तोंडाने तू बोर चघळत राहिलीस. जुईला ती गोष्ट फार आवडते. ती म्हणाली, आई चाच्यासारखीच होती."

म्हणजे आठवण केतकीची, दात केतकीचा आणि पोरीचं प्रेम मात्र हिच्या वाट्याला. ध्वनिछाया मिटवायची तर मूळ माणसाला तोंडाने तसं सांगावं लागे. एकदा मिटली की गेलीच, पुन्हा पहिल्यापासून बोलत बसायचं.

"उद्या वाढदिवस झाला की तू मिटायचंस," ती म्हणाली.

"जुईला सांगून?"

"न सांगता."

"बरं," सावली म्हणाली. तक्रारीचा सूर नाही की काही नाही. त्यानेही केतकीचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात काळ्या कपड्यांतले सात-आठ चाचे जमले. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर काळी पट्टी आणि थंडीमुळे डोक्याला माकडटोपी. जुई पाटावर बसली, मुकुट जरा तिरका. केतकीने तिचं औक्षण केलं आणि बोरांचं माप तिच्या डोक्यावर रितं केलं. पोरं तुटून पडली. जुईनेही पाटावरून उडी मारली. केतकीला हसू आवरेना, आणि घटकाभर ती फळी विसरली.

लूट खिशात भरून झाल्यावर जुई ओरडली, "हा छोटा खजिना होता. मोठा राहिलाय."

तिने फ्रॉकमधून घडी घातलेला नकाशा काढला. त्यावर रंगीत खडूने काढलेलं जहाज होतं आणि जहाजावर नारिंगी कोट घातलेली एक बाई. केतकीने तो कोट लगेच ओळखला. मोहिमेवरून आल्यापासून तो दाराआड टांगलेला होता. बाण त्या बाईपासून निघून घरापर्यंत आले होते.

"पकडा," जुई म्हणाली.

चाच्यांनी केतकीला वेढा घातला, खुर्चीत बसवलं आणि तिच्याच ओढणीने खुर्चीला बांधलं. जुईने आपल्या गळ्यातला हलव्याचा हार काढून तिच्या गळ्यात घातला.

"तू बोटीवर होतीस ना, तेव्हाच ठरवलं," ती गंभीरपणे म्हणाली. "मी मोठी झाले की बोट लुटून तुला आणणार होते. पण तूच आलीस. म्हणून आता फक्त बांधायचं."

"चाचे लुटलेलं परत देतात का गं?" एका माकडटोपीने विचारलं.

"कध्धीच नाही. मी सावलीला विचारलंय."

महिनाभर फळीखाली चाललेली ती कुजबुज, जिच्यावर केतकी जळत होती, ती सगळी तिच्याविषयीच होती.

पाहुणे गेले. जुई सोफ्यावर मुकुटासकट झोपली, हलव्याचे दाणे केसांत विखुरलेले. निनाद चुरमुरे झाडत होता. केतकी स्वयंपाकघरात आली. खुर्चीपासून ती सुटली होती, पण ओढणीची गाठ अजून मनगटाला तशीच होती, ती सोडवायचं तिला धाडस होत नव्हतं.

"केतकी," फळीवरून हळू आवाज आला. "वाढदिवस झाला. मिटू?"

"थांब जरा."

"बरं." मग तोच आवाज, तिचाच, पण तिच्याहून शांत, म्हणाला, "उन्हाळ्यात तू पुन्हा जाणार आहेस, ते फोनवर बोललीस तेव्हा मी ऐकलं. जुईला मी काही बोलले नाही. तेही गुपितच होतं, तुझं. पण आज तिने तुला बांधून ठेवलंय. उद्या तिला हे सांगावं लागेल. कोण सांगणार, तू की मी?"