जोसायाच्या जमिनीचं गेट

"या भूमीच्या मूळ मालकांना वंदन" म्हने! वंदन तुझ्यापाशीच ठेव, मेयरबाई. दर साली आठ नोव्हेंबरला आमच्या क्री जमातीच्या शिपायांच्या नावानं कागद वाचायचा, सूप प्यायचं, घरी जायचं. झालं! हसू नका रं. माझ्या भाच्यावर, एल्डनवर, काय बेतलं ते ऐका.

गेल्या सालची गोष्ट. सात नोव्हेंबर, गुरुवार. एल्डन ताट घेऊन चालत निघाला, त्याच्या पणजाला जेवू घालायला. पणजा म्हंजे माझा आजा, जोसाया. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढायला गेला, छातीत विषारी धूर घेऊन आला. तो तिकडं लढत व्हता, तवा हिकडं सरकारनं आपल्या जमातीसाठी राखलेल्या जमिनीचा लचका तोडला. कुनासाठी? लढून आलेल्या शिपायांसाठी. गोऱ्या शिपायांसाठी! जोसाया काय तिकडं गुरं राखत व्हता? मरताना म्हनला, माझ्या खोपटापाशीच पुरा. जमीन तर गेलेली, म्हनून रातोरात, चोरून पुरला. आता तिथं ब्रेनरचं शेत. गेटला कुलूप.

एल्डननं फोन लावला.

"सोमवारी ये रे," ब्रेनर म्हनला, "आत्ता गुरं मोकळी हायत."

दर साली, आमच्या ताटाच्या रातीलाच मोकळी!

मग ह्या शहाण्यानं काय करावं? ताट गेटाबाहीर ठेवलं, रस्त्यावर. मूस हरणाचं मटन, रोटी, काळा चहा. वर हाक मारली, "पणजोबा, हिकडं या."

मेलेल्याला रस्त्यावर बोलावत्यात व्हय?

साडेनऊ झालेले. वारा पडलेला. नवा बर्फ. त्यानं पाठ फिरवली...

खोकला.

ओला. गेटाच्या आतून.

"ब्रेनर?" एल्डननं हाक मारली.

"दार कुनी लावलं?"

क्री भाषेत. जुन्या, म्हाताऱ्यांच्या क्रीत.

एल्डन पळाला. मागं पावलं. हा थांबला... ती थांबली. हा पळाला...

सकाळी मी सोता गेलो. कुलूप तसंच. ताट तसंच, गोठलेलं. पन एल्डनच्या पावलांशेजारी दुसरी पावलं. जुन्या शिपायांच्या, खिळ्यांच्या बुटांची.

"ससा असंल, मामा."

"सशाला बूट तू घातलेस व्हय, ग्लेन? गप बसून ऐक."

गेटापासनं एल्डनच्या पायरीपत्तोर आलेली. मी घराला चार फेऱ्या मारल्या.

परत गेलेलं... एक बी न्हाई.

एल्डन अजून दिवा लावून झोपतो. आन जोसायाला तरी कुठली झोप? त्याचं घर तिकडं हाय, गेटाच्या आत. उद्या सकाळी सहाला लोखंड कापायची कात्री घेऊन ब्रेनरच्या गेटावर या. सगळे.