टिकोजीची अदृश्य मुलं

वर्गात मुलं एकोणतीस, आणि चांद्रयानात बसायला पात्र ठरली छत्तीस! बोरखळच्या शाळेत हे घडलं. ज्याला खोटं वाटेल त्याने तिथल्या मल्लखांबाला विचारावं; तो तेव्हा तिथेच उभा होता.

यानात तरंगावं लागतं. म्हणून ज्याला पोहता येतं किंवा मल्लखांब येतो, त्यालाच प्रवेश. शाळेच्या टिकोजी यंत्रमानवाने हात वर करायला लावून मोजणी केली. पोहणारे वीस, मल्लखांबवाले सोळा.

"छत्तीस! मुलांची आसनं अठ्ठावीस," टिकोजीने जाहीर केलं. "वर्णमालेत ज्यांच्या नावाचं पहिलं अक्षर सगळ्यात शेवटी येतं, ती आठ मुलं बाद."

त्यात हुसेन आला. हा मल्लखांबावर इतका वेळ उलटा लटकायचा, की वटवाघळांनी एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं होतं म्हणे. त्याचा पडलेला चेहरा पाहून त्याच्या वर्गातली हेमांगी पुढे आली. तिला स्वतःला ना पोहता येत होतं, ना मल्लखांब. पण हुसेन मागे राहायचा म्हणजे काय!

"अहो टिकोजी, आख्खा वर्गच एकोणतीस जणांचा!"

"मग उरलेले सात अदृश्य असतील. हात मी स्वतः मोजलेत."

"हात मोजलेत, मुलं कुठे मोजलीत?"

खो-खोचं मैदान आखायची फक्की (पांढरी पूड) बादलीत घेऊन हेमांगी निघाली. तिने दोन वर्तुळं आखली. एकात पोहणारे, दुसऱ्यात मल्लखांबवाले. झालं! हुसेनची ओढाओढ सुरू.

"हुशा, इकडे ये!"

"ए, तो आमचा!"

"अरे, मधोमध फाडता का मला?" हुसेन ओरडला.

मधोमध! हेमांगीने एक वर्तुळ पायाने पुसलं आणि पुन्हा आखलं, दुसऱ्यावर थोडं चढवून. मध्ये माशासारखी जागा तयार झाली. "दोन्ही येणारे इथे!"

आठ जण तिथे आले.

"हे आठ जण दोन्ही वेळा हात वर करून बसले, टिकोजी. तुम्ही त्यांना दोनदा मोजलंत. छत्तीसातून आठ काढा."

"अठ्ठावीस," टिकोजी पुटपुटला.

"शाब्बास गं पोरी!" गणिताच्या गुंजाळ सरांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटून थेट मल्लखांबावर आदळलं. "प्रत्येक वर्तुळ म्हणजे संच (एका गुणाने जमलेला गट). मधला मासा म्हणजे छेद (दोन्ही संचांत असलेले). हिला वेन आकृती म्हणतात."

"पण वर्ग एकोणतीस," टिकोजी बावरला. "एक जण खरंच अदृश्य?"

"मी इथे," वर्तुळांबाहेरून हेमांगी हळूच म्हणाली.

सरांनी बादली घेतली आणि सगळ्यांभोवती मोठा चौकोन आखला. "हा विश्वसंच (आपण विचारात घेतलेले सगळे). वर्तुळाबाहेर असलीस तरी चित्रात आहेस."

टिकोजीचे दिवे क्षणभर मिचमिचले. "यानात गणकाचं (मोजणी करणाऱ्याचं) एक वेगळं आसन आहे. माझं. त्याला तरंगायचं नसतं, पट्टा बांधून मोजायचं असतं. ते आजपासून हिचं."

यान चंद्राजवळ पोहोचलं तेव्हा हेमांगीने खिडकीतून पाहिलं. खाली गोल गोल विवरं, एकमेकांत शिरलेली.

"हुशा, बघ! इथे आपल्याआधीच कुणीतरी फक्की टाकून गेलंय!"